१९६६ च्या मस्टँगचा पिकअप कसा वाढवायचा

ओक ट्री रोडवर आपण कोथिंबीर, कढीपत्ता आणायला जातो, त्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावात २००४ पर्यंत फोर्डचा कारखाना होता. साठच्या दशकात तिथून मस्टँग गाड्या बाहेर पडत. कारखान्याला नाव मात्र शेजारच्या मेटाचन गावाचं. माझी १९६६ ची मस्टँग तिथलीच. गाडीच्या नंबरातल्या 'टी' या अक्षरावरून ते कळलं, तेव्हा फार आनंद झाला होता.

ज्यांनी नुकतीच १९६५ किंवा ६६ ची व्ही-८ मस्टँग घेतली आहे आणि 'गाडी देखणी आहे, पण पळत नाही' असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नवे लोक पहिल्याच आठवड्यात मोठा कार्ब्युरेटर मागवतात. तसं करू नका. साठ वर्षं जुन्या इंजिनाची बरीच ताकद कुठेतरी अडकून पडलेली असते. ती मोकळी करायला पैसे कमी लागतात आणि वेळ जास्त. आधी ती शोधा, नवी ताकद त्यानंतर.

पायरी १: गाडी नेमकी कोणती ते वाचा

बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूच्या मडगार्डच्या आतल्या पट्टीवर नंबर ठोकलेला असतो. समजा तो ६टी०७सी असा सुरू होतो. ६ म्हणजे १९६६, टी म्हणजे मेटाचनचा कारखाना (एफ असेल तर डिअरबॉर्न, आर असेल तर सॅन होजे), ०७ म्हणजे हार्डटॉप, पक्क्या छपराची. पाचवं अक्षर इंजिनाचं, आणि आपल्याला तेच हवं. सी म्हणजे २८९ घनइंचाचं व्ही-८, दोन बॅरलचा (हवा आत घेणाऱ्या दोन नळ्यांचा) कार्ब्युरेटर, २०० हॉर्सपॉवर. ए म्हणजे तेच इंजिन चार बॅरलचं, कॉम्प्रेशन जास्त, २२५ हॉर्सपॉवर. के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरचं खास इंजिन. पाचव्या जागी टी दिसला तर इंजिन २०० घनइंचाचं, सहा सिलिंडरचं, १२० हॉर्सपॉवरचं. दुसऱ्या जागेवरचा टी आणि पाचव्या जागेवरचा टी यांत गल्लत करू नका.

पाचवं अक्षर 'के' निघालं तर इथेच थांबा. ती गाडी दुर्मीळ आहे. ती मूळ स्थितीतच नीट चालती ठेवा. सहा सिलिंडरवाल्यांना पुढच्या तीन पायऱ्या उपयोगी पडतील, पण त्या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणारा भाग) हेडबरोबर एकसंध ओतलेला असल्यामुळे कार्ब्युरेटर बदलण्याचा रस्ता सोपा नाही.

२०० हॉर्सपॉवर या आकड्याबद्दलही थोडं. त्या काळी इंजिन गाडीबाहेर, एअर फिल्टर आणि गाडीचा खरा सायलेन्सर न लावता मोजत. त्याला ग्रॉस आकडा म्हणतात. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या सगळी जोडणी लावून मोजलेला नेट आकडा देऊ लागल्या. त्यामुळे डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांशी मोजलेला आकडा २०० पेक्षा पुष्कळ खाली आला तरी इंजिन खराब आहे असं समजू नका.

पायरी २: आधी थांबता आलं पाहिजे

या गाड्यांना १९६६ पर्यंत एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर होता. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७ च्या मस्टँगपासून दोन कप्प्यांचा आला. इंजिनाला हात लावण्याआधी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवा, जुने रबरी होज बदला, आणि जमलं तर पुढे डिस्क ब्रेक लावा. पेट्रोलचे रबरी पाइपही याच वेळी बदला. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं आणि भेगाळतं. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पायरी ३: इंजिनाची तब्येत तपासा

चार वस्तू लागतील: कॉम्प्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज, टायमिंग लाइट आणि फिलर गेज. सगळं मिळून एका नव्या कार्ब्युरेटरपेक्षा स्वस्त पडतं.

कॉम्प्रेशन तपासताना इंजिन गरम असू द्या. आठही प्लग काढा, कॉइलची जोडणी सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, बॅटरी भरलेली असू द्या. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे तेवढेच फेरे द्या आणि आकडा वहीत लिहा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा गॅस्केट गेलं आहे. असं इंजिन आधी दुरुस्त करायचं. आजारी इंजिनावर नवे भाग लावले तर पैसे वाया जातात.

आता व्हॅक्यूम गेज. जोडणी मॅनिफोल्डला करा. निरोगी २८९ आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर असतो. काटा ठरावीक तालात खाली झटका देत असेल तर बहुधा एखादा व्हॉल्व्ह त्रास देतो आहे. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे आहे किंवा कुठूनतरी हवा शिरते आहे.

तिसरी तपासणी फार लोक करत नाहीत, पण मला ती सगळ्यात आवडते. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) टोपी काढा. आतला फिरता तुकडा म्हणजे रोटर. पुढच्या पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन हाताने एका दिशेला फिरवा. मग हळूहळू उलट फिरवत रोटरकडे पाहत राहा. पुली फिरली पण रोटर हलला नाही, असे किती अंश गेले ते मोजा. पाच-सहा अंशांपेक्षा जास्त गेले तर टायमिंग चेन सैल आहे. त्या काळच्या अनेक अमेरिकन इंजिनांत कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) चक्राला नायलॉनचे दात असत. वयाने ते ठिसूळ होतात आणि तुटून ऑइल पॅनमध्ये पडतात. नवी चेन आणि लोखंडी चक्रं घातल्यावर इंजिन किती मवाळ चालतं ते अनुभवायलाच हवं.

पायरी ४: हरवलेली ताकद

या पायरीला घाई करू नका. दोन-तीन रविवार गेले तरी चालतील.

पहिला प्रश्न: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतो का? इंजिन बंद ठेवा. घरातल्या कुणाला तरी ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबायला सांगा आणि तुम्ही वरून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहा. खालच्या पाकळ्या अगदी उभ्या व्हायला हव्यात. जाड नवी कार्पेट, झिजलेला सांधा, वाकलेला दांडा, अशा कारणांनी त्या अर्ध्या-पाऊण उघडून थांबतात. वर्षानुवर्षं गाडी पाऊण थ्रॉटलवर चालते आणि मालकाला पत्ता नसतो. इंजिन गरम झाल्यावर चोक पूर्ण उघडतो का, तेही याच वेळी पाहून घ्या.

दुसरं, इग्निशन. पॉइंट्स असतील तर गॅप १७ थाउ, म्हणजे इंचाचा सतरा हजारांश. प्लगचा गॅप ३४ थाउच्या आसपास. फायरिंग ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८, रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. एक ते चार सिलिंडर प्रवाशाच्या बाजूला, पाच ते आठ ड्रायव्हरच्या बाजूला, दोन्हीकडे पुढून मागे मोजायचे. सात आणि आठ शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात, म्हणून त्या दोन वायरी एकमेकींना चिकटवून समांतर नेऊ नका. एकीची ठिणगी दुसरीत उतरते आणि ताकद जाते.

पॉइंट्सऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचं असेल तर जरूर बसवा, टोपीखाली मावतं. फक्त एक ध्यानात ठेवा. इग्निशन स्विचपासून कॉइलकडे जाणारी फोर्डची गुलाबी वायर साधी वायर नाही, तिच्यातच रेझिस्टन्स आहे. मॉड्यूलला पूर्ण १२ व्होल्ट हवे असतील आणि तुम्ही ते या वायरवरून घेतलेत, तर गाडी कधी सुरू होईल, कधी नाही, आणि कारण सापडणार नाही.

तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे टायमिंग. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात जळत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. वेग वाढला की ती आणखी लवकर हवी. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंग हे काम करतात. पण साठ वर्षांचं ग्रीस वाळून ही वजनं चिकटतात. मग आयडलला टायमिंग बरोबर, आणि जोर हवा तेव्हा ठिणगी उशिरा. गाडीला 'पिकअप नाही' याचं हेच कारण मी सर्वांत जास्त वेळा पाहिलं आहे.

त्याआधी आणखी एक सापळा. पुढच्या बॅलन्सरवर, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या जड चक्रावर, टायमिंगच्या रेघा असतात. या बॅलन्सरच्या आतला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असतं. रबर म्हातारं झालं की कडी सरकते आणि रेघा खोटं बोलू लागतात. माझ्या गाडीची कडी ११ अंश सरकली होती. महिनाभर मी खोट्या रेघेवर टायमिंग लावत होतो, आणि गाडी बिघडतच चालली होती. म्हणून रेघ आधी पारखून घ्या. सगळे प्लग काढा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन-स्टॉप (पिस्टनला अडवणारी खुंटी) फिरवून बसवा. इंजिन हाताने, अगदी सावकाश, पिस्टन टेकेपर्यंत एका दिशेला फिरवा, खूण करा. उलट दिशेला टेकेपर्यंत फिरवा, दुसरी खूण करा. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा. हे काम स्टार्टरने कधीही करू नका, पिस्टनला भोक पडेल. मध्य आणि शून्याची रेघ जुळत नसेल तर बॅलन्सर बदला. घेताना २८ औंसचा मागा. नंतरच्या ५.० लिटर मस्टँगचा ५० औंसचा असतो, तो लावला तर इंजिन थरथर कापेल.

आता टायमिंग लावू. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करा. आकडा ठरवून बघता येणारा टायमिंग लाइट असेल तर उत्तम, नसेल तर बॅलन्सरवर ३६ अंशांची खूण मोजून रंगवा. लाइटची वायर पहिल्या सिलिंडरला जोडा. गॅरेजचं दार पूर्ण उघडं ठेवा. थंडी असली तरी. इंजिनाचा वेग हळूहळू वाढवा. खूण पुढे सरकत जाईल आणि मिनिटाला साधारण ३००० फेऱ्यांच्या वर कुठेतरी थांबेल. ती थांबते तिथे ३४ ते ३६ अंश यायला हवेत. डिस्ट्रिब्युटर फिरवून तसं करा आणि बोल्ट आवळा. मग आयडलला किती राहिलं ते पाहा. १० ते १२ अंश आले तर छान.

खूण पुढे सरकलीच नाही तर वजनं चिकटली आहेत. डिस्ट्रिब्युटर काढून साफ करा, तेल द्या. आतल्या पट्टीवर १०एल, १३एल असे आकडे कोरलेले असतात. ते डिस्ट्रिब्युटरचे अंश, क्रँकचे त्याच्या दुप्पट. १३एल म्हणजे २६ अंश. आयडलचे १० त्यात मिळवले की ३६. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की डिस्ट्रिब्युटरची भीती जाते.

व्हॅक्यूम नळी परत जोडा आणि रस्त्यावर न्या. चढावर, वरच्या गिअरमध्ये, जोर देताना खडखड असा टकटकाट ऐकू आला तर टायमिंग दोन अंश मागे घ्या, पुन्हा ऐका. तो आवाज घेऊन चालवू नका, पिस्टन फुटतात.

इतकं झालं की महिनाभर गाडी फक्त चालवा. तुमच्यापैकी कित्येकांना पुढच्या पायऱ्यांची गरजच वाटणार नाही.

पायरी ५: हवा आत

आता नवी ताकद. चार बॅरलचा मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर घ्यायचा, पण केवढा? आधी आकडेमोड करू. २८९ गुणिले ५५०० फेरे, भागिले ३४५६, उत्तर ४६० घनफूट प्रतिमिनिट (सीएफएम). ही कमाल. साधं इंजिन त्याच्या ८५ टक्के हवा ओढतं, म्हणजे साधारण ३९०. म्हणून ५०० सीएफएमचा कार्ब्युरेटर पुरेसा आहे, ६०० ही वरची हद्द. फोर्डने स्वतः ए-कोड इंजिनावर ४८० चा लावला होता. मित्राकडे पडून आहे म्हणून ७५० चा लावला तर कमी वेगाला हवा संथ वाहते, पेट्रोल नीट ओढलं जात नाही, आणि सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते.

मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा, दोन मजली, आयडल ते ५५०० फेऱ्यांसाठी बनवलेला घ्या. उंची बघून घ्या. कणकेचा गोळा एअर फिल्टरच्या झाकणावर ठेवा, बॉनेट अलगद बंद करून उघडा. गोळा किती चपटा झाला त्यावरून जागा किती उरली ते कळतं.

बॅटरी सोडा, पाणी काढा, पहिला सिलिंडर टीडीसीला आणा, रोटरच्या टोकाची खूण करा आणि डिस्ट्रिब्युटर काढा. मॅनिफोल्ड निघाल्यावर आतल्या पोकळीत चिंध्या कोंबा, म्हणजे कचरा इंजिनात जाणार नाही. पुढच्या-मागच्या कडांना किटमधल्या कॉर्कच्या पट्ट्या सरकतात आणि तेल गळतं. मी त्या टाकून देतो आणि सिलिकॉन सीलंटची जाड, अखंड रेघ घालतो. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने आवळा, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने, शॉप मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. इंजिन तापून थंड झालं की एकदा पुन्हा. सी-४ ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सची व्हॅक्यूम नळी आणि किकडाउनचा दांडा विसरू नका.

जुना मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, अगदी बोल्टसुद्धा चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. पुढे कधी गाडी विकलीत तर त्या खोक्याला किंमत असते.

पायरी ६: धूर बाहेर

रेसर आणि गाड्या बनवणाऱ्या कॅरल शेल्बीने १९६५ च्या जीटी३५० या खास मस्टँगसाठी काय केलं ते पाहा. के-कोडचं २७१ हॉर्सपॉवरचं इंजिन घेतलं, ॲल्युमिनियमचा उंच मॅनिफोल्ड, ७१५ सीएफएमचा हॉली कार्ब्युरेटर आणि ट्राय-वाय हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्यांचा जुडगा) लावले, आणि आकडा ३०६ वर नेला. इंजिन न उघडता ३५ हॉर्सपॉवर. (७१५ त्याला पचला कारण त्या इंजिनाची कॅम ६००० फेऱ्यांच्या हिशेबाची होती. आपल्या सी-कोडची नाही.)

सी-कोड गाड्या साधारणपणे एकाच सायलेन्सरच्या निघत. आठ सिलिंडरांचा धूर एका पाइपातून. दोन स्वतंत्र पाइप केलेत की फरक कानाला आणि पायाला दोन्हीकडे जाणवतो. हेडर लावायचे तर ट्राय-वायच घ्या. चार नळ्या दोनांत आणि दोन एकात मिळतात, त्यामुळे रोजच्या वेगालाही जोर मिळतो. घेण्याआधी पॉवर स्टिअरिंग आहे का, क्लचचा दांडा कुठून जातो, हे विक्रेत्याला सांगा. पहिल्या दोन-तीन प्रवासांनंतर हेडरचे बोल्ट आवळा, ते सैल होतातच. प्लगच्या वायरी नळ्यांपासून दूर बांधा.

पायरी ७: मागचा गिअर

हॉर्सपॉवर एकानेही वाढत नाही, पण खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त आनंद याने मिळतो. बऱ्याच सी-कोड गाड्यांना मागे २.८० चा रेशो असतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा २.८० फेरे फिरतो. ३.२५ घातला तर चाकांना पोचणारा जोर १६ टक्क्यांनी वाढतो, ३.५५ घातला तर २७ टक्क्यांनी. बदल्यात ताशी ६५ मैलांना इंजिन २४५० ऐवजी अनुक्रमे २८५० किंवा ३१०० फेरे फिरतं. टर्नपाइकवर रोज जाणार असाल तर ३.२५ वर थांबा. व्ही-८ गाडीचा आठ इंची डिफरन्शियल पुढून अख्खा गोळा काढता येतो, त्यामुळे तयार जुळवलेला गोळा आणून बसवता येतो. दात जुळवणं मात्र घरी करू नका.

पायरी ८: हेड आणि कॅम

इथून पुढे अनुभवी माणूस शेजारी हवा. २८९ च्या मूळ हेडमधला धुराचा मार्ग अरुंद आहे, म्हणून नवी ॲल्युमिनियम हेड लावली की इंजिन खरं मोकळं होतं. हेड घेताना चेंबर (मिश्रण जळतं तो कप्पा) किती सीसीचा आहे ते विचारा. मूळ चेंबर लहान आहे, मोठ्या चेंबरची हेड लावलीत तर कॉम्प्रेशन उतरतं. पुशरॉडची (कॅमकडून व्हॉल्व्हपर्यंत जोर नेणाऱ्या दांडीची) लांबी नव्याने मोजा, आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर मळलेल्या चिकणमातीची चकती ठेवून तपासा.

कॅम घेताना मोह आवरा. आयडलला गडगडणारी मोठी कॅम खालच्या वेगाचा जोर खाते. लिफ्टर (कॅमवर टेकलेला दट्ट्या) ५० थाउ उचलल्यावर मोजलेली २०४ ते २१४ अंशांची कॅम रस्त्यावरच्या २८९ ला शोभते. कॅम बदललीत तर लिफ्टर नवेच घाला, कारण जुने लिफ्टर जुन्या कॅमशी झिजून जुळलेले असतात.

नव्या फ्लॅट टॅपेट (सपाट तळाच्या लिफ्टरच्या) कॅमची पहिली वीस-तीस मिनिटं सगळ्यात नाजूक. कॅमच्या उंचवट्यांना आणि लिफ्टरच्या तळांना सोबत आलेली पेस्ट भरपूर लावा. इंजिनात झिंक जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइल घाला, फिल्टर धरून पाच क्वार्ट लागतं. रेडिएटर भरलेला, टायमिंग अंदाजे लावलेलं, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल, म्हणजे स्टार्टर घरघरत बसणार नाही आणि इंजिन पहिल्या झटक्यात पेट घेईल. पेटल्याबरोबर वेग २००० ते २५०० फेऱ्यांवर न्या आणि थोडा वरखाली करत ठेवा. आयडलवर येऊ देऊ नका, कारण या लिफ्टरांना तेल मिळतं ते क्रँकच्या शिंतोड्यांतून, आणि आयडलला शिंतोडे पुरेसे उडत नाहीत. तेलाच्या गेजवर आणि तापमानावर एकाने नजर ठेवायची, दुसऱ्याने गळती बघायची. गळती दिसली किंवा तापमान चढलं तर बिनदिक्कत बंद करा, दुरुस्त करा, आणि राहिलेली मिनिटं पुन्हा त्याच वेगावर पूर्ण करा. मग तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. काढलेला फिल्टर कापा, कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरा. बारीक करडी लव दिसली तर ठीक. चकचकीत कपच्या दिसल्या तर इंजिन पुन्हा सुरू करू नका, मॅनिफोल्ड काढून कॅमचे सोळाही उंचवटे एकेक करून पाहा.